आठ पाऊण सहा

सकाळी सव्वाचारला संगमनेर सोडलं.
भावजींची उसनी वॅगनआर, डिकीत घरचं पाणी दोन कॅन,
कारण तात्या परगावचं पीत नाहीत.
माळशेजात काळ्या कड्यांकडे बघत म्हणाले,
"इथून खाली जातं सगळं. आपल्याला नाही मिळत."
मुरबाड, कल्याण, भिवंडीचे खड्डे,
घोडबंदरला तासभर ट्रकांच्या मागे.
मालाड सुटलं तसा रस्ता बारीक झाला,
मार्वे, आक्सा, एरंगळ,
आणि मढच्या वळणावर
काच वर केली तरी आत आला
बोंबलांचा वास.

प्रवरेच्या उजव्या कालव्यावर चौतीस वर्षं
तात्यांनी पाणी मोजलं.
किती फूट, किती तास, कुणाची पाळी.
चोरून दार उचलणाऱ्याला रात्री कंदील घेऊन गाठलं.
समुद्र मात्र कधी पाहिला नाही.
"बिनहिशेबाचं पाणी. त्यात बघायचं काय?"

किल्ल्याला कुलूप होतं.
फिरंग्यांच्या बुरुजावर वडाचं रोप, दाराशी पहारेकरी,
फोटो नका काढू म्हणाला.
तात्यांनी नखानं सांधा खरवडला.
"चुना चांगला वापरलाय."
आमचा इतिहास एवढ्यात आटोपला.

खाली कोळीवाड्यात उतरलो
तर समुद्र तिथे नव्हता.
चिखल होता, लांबवर, राखाडी,
कुशीवर कलंडलेल्या होड्या
आणि चिखलात चोच घालून एक बगळा.
तात्या थबकले.
"कुणी सोडलं एवढं?"

वलांडीवर बोंबील टांगणारी बाई हसली.
बोंबलाच्या जबड्यात बोंबलाचा जबडा,
जोडी जोडी अडकवत होती, न बघता.
गजरीबाय तिचं नाव, ते नंतर कळलं.
"कठशी आयलाव?"
"संगमनेर."
"दर्या बघाला? बसा मंग. येल सहाला."
"सहा कशावरून?"
"आज तीथ काय? अष्टम.
आठाची पाऊणकी करा."

तात्या क्षणभर नुसते उभे.
मग ओठ हलले, आवाज मागाहून आला.
एक पाऊण पाऊण.
बे पाऊण दीड.
तीन पाऊण सव्वादोन.
चारावर तिचाही सूर लागला,
आणि दोघं, एक चपलेतला, एक अनवाणी,
ठेक्यात मान हलवत
आठ पाऊण सहा
इथे येऊन एकदम थांबले.
मला पाऊणकी येत नाही.
आमच्या वेळेपर्यंत पुस्तकातून गेली होती.

"शाळा कोणती तुमची?"
"शाला कैची! सासऱ्यान शिकवला, होरीन."
"आणि पाळी? आधी कुणाची?"
हा प्रश्न तिला कळलाच नाही.
बोंबील घेताव का, तिनं विचारलं.

सहा तास बसलो.
होडीच्या सावलीत भाकरी आणि ठेचा खाल्ला,
हे गाडीत घोरले.
तात्यांनी कुठूनशी काठी मिळवली,
वीत वीत अंतरावर कोळशानं रेघा मारल्या,
पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून
चिखलात रोवून आले.
पोरं गोळा झाली. त्यांना ओरडून लांब केलं,
सरकारी माणसासारखं.

पाणी आलं तेव्हा काही झालं नाही.
लाट नाही, गाज नाही,
चिखल चमकायला लागला एवढंच,
मग एका होडीनं कूस बदलली,
मग दुसरीनं.
सहा वाजून सात मिनिटांनी
चौथ्या रेघेवर पाणी थबकलं.
तात्यांनी खिशातली डायरी काढली:
मढ. माघ शुद्ध अष्टमी. आवर्तन वेळेवर.
गळती, निरंक.
"सात मिनिटं," मला म्हणाले,
"आमचं आठ-आठ दिवस लांबायचं."

बोंबील शेकडा घेतला, त्यांनीच मोजून.
एकशे दोन भरले, तर दोन परत द्यायला गेले.
"वरताळा हाय तो, आजोबा!"
असं आयुष्यात त्यांना कोणी काही
वर दिलं नसावं. हातात धरूनच बसले ते दोन,
भिवंडीपर्यंत.

माळशेज चढताना बारा वाजत आले होते.
मला वाटलं झोपलेत.
"आता होड्या टेकल्या असतील," म्हणाले अंधारात,
आणि जरा वेळानं, काचेकडे तोंड करून,
"उद्या पावणेसात."